दागिना काढायचा, की मलम लावायचं?

आरोग्यावर बोलायला बायकांचा गट बसला की कोणते विषय निघतात हे आता आपल्याला पाठ झालं आहे. अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी, रक्त कमी असणं, कंबरदुखी, गर्भपिशवी काढून टाकण्याचा डॉक्टरांचा आग्रह. खाजेचा विषय कुणी काढत नाही. एखादी बाई बोलता बोलता सारखी मानेशी हात नेते, पदर सारखा करते, कानाची पाळी चोळते. विचारलंच तर म्हणते, "काही नाही, उन्हाळा आहे ना!" जवळून पाहिलं तर मानेभोवती पोतीच्या रेषेत कातडी काळपट आणि जाड झालेली दिसते. कानाच्या भोकाला खपली असते. कुणाच्या पायाच्या बोटाला जोडव्याखाली पाणी सुटलेलं असतं. कधीपासून होतंय असं विचारल्यावर पुष्कळदा उत्तर येतं, "लग्न झाल्यापासून." मग सगळ्या हसतात.

हसण्यासारखं आहे खरं, पण ते उत्तर वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर असू शकतं. लग्नाच्या दिवशी बाईच्या गळ्यात, कानात, हातात, पायाच्या बोटांत जे धातू चढतात ते पुढे रात्रंदिवस तिच्या अंगावर राहतात. घाम, साबण, चुलीची धग, शेतातलं ऊन या सगळ्यांत ते कातडीवर घासत राहतात. त्यातल्या एका धातूबद्दल, म्हणजे निकेलबद्दल, मला इथे लिहायचं आहे. कातडीला चिकटून राहणाऱ्या वस्तूंमुळे जी अॅलर्जी होते तिच्या कारणांत निकेल जगभर अगदी वरच्या क्रमांकावर आहे. ती टाळता येते. कशी टाळायची तेही चांगलं माहीत आहे. तरी ती टाळली जात नाही, आणि याचं कारण मला कातडीच्या शास्त्रापेक्षा आपल्या घरांत आणि बाजारात जास्त दिसतं.

आधी थोडं शास्त्र. निकेल चांदीसारखा पांढरा, टणक, स्वस्त आणि चमक टिकवणारा धातू आहे. खोट्या दागिन्यात आत पितळ किंवा तांबं असतं, त्यावर पुष्कळदा निकेलचा थर देतात आणि त्यावर सोन्याचं अगदी पातळ पाणी चढवतात. वरचं पाणी दोन-चार महिन्यांत झिजतं आणि निकेल उघडं पडतं. जर्मन सिल्व्हर या नावानं जे काळपट-रुपेरी दागिने विकले जातात त्यांत चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. सेफ्टी पिना, ब्लाउजचे आणि ब्राचे हुक, जीनचं बटण, घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, किल्ल्या, स्वस्त कानातल्यांच्या फिरक्या, असं कशातही निकेल असू शकतं.

घामातल्या मिठामुळे निकेलचे सूक्ष्म कण विरघळून कातडीत उतरतात. काही जणींच्या शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला परका शत्रू ठरवतात, आणि एकदा ठरवलं की ती ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाही. पुढे जेव्हा जेव्हा निकेल कातडीला लागेल तेव्हा लाली, खाज, बारीक पुरळ, पाणी सुटणं, खपली हे चक्र सुरू होतं. मात्र ते तत्काळ होत नाही. एक ते तीन दिवसांनी उठतं. रविवारी लग्नाला घातलेल्या झुमक्यांचा त्रास मंगळवारी सुरू होतो, आणि तोवर झुमके डब्यात गेलेले असतात. मग दोष वांग्याच्या भाजीवर जातो, नव्या साबणावर जातो, किंवा "हिचं रक्तच खराब" असं ठरतं.

युरोपातल्या पाहण्यांत साधारण दहा ते पंधरा टक्के बायकांना निकेलची अॅलर्जी आढळत आली आहे, पुरुषांमध्ये फार तर दोन-तीन टक्क्यांना. आकडे पाहिले की लगेच कुणीतरी म्हणतं, बायकांची कातडीच नाजूक! हे वाक्य मला जपून ऐकायला हवंसं वाटतं. ज्या पुरुषांनी कान टोचून घेतले त्यांच्यातही हे प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणजे फरक कातडीच्या जातीचा नसून कातडीला काय टोचलं आणि काय बांधलं याचा आहे. डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला बायकांच्या मांड्यांवर चट्टे उठत, कारण पायमोजे वर धरून ठेवणारे धातूचे चाप तिथे टेकत. सत्तरच्या दशकात जीन आली आणि चट्टा बेंबीखाली सरकला. मग कानात स्वस्त खडे घालायची लाट आली आणि चट्टा कानावर गेला. कातडी तीच होती, फॅशनप्रमाणे जागा तेवढी बदलत गेली.

सगळ्यात धोक्याची वेळ कान किंवा नाक टोचतानाची. तेव्हा जखम ताजी असते, धातू थेट आतल्या पेशींना भिडतो आणि तिथे आठवडेच्या आठवडे राहतो. पुष्कळ मुलींची अॅलर्जी इथूनच सुरू होते. सोनारानं कान टोचले की दुखत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वापरतात वेगळ्याच अर्थानं, पण शब्दशः घेतली तरी तिच्यात तथ्य आहे. सोनार बहुधा चांगल्या सोन्याची तार घालत असे. ज्यांना तेवढंही परवडत नसे त्यांच्याकडे कडुलिंबाची काडी घालायची रीत होती. आता ब्यूटी पार्लरमध्ये, जत्रेत, मॉलच्या कोपऱ्यात बंदुकीनं एका सेकंदात कान टोचून मिळतात, आणि त्या बंदुकीतला खडा कशाचा आहे हे टोचणाऱ्या मुलीलाही ठाऊक नसतं. बाराव्या दिवशी बाळाचे कान टोचावेत की नाही, यावर मला इथे वाद घालायचा नाही. माझ्या मते मुलगी मोठी होऊन स्वतः मागेपर्यंत थांबावं. पण टोचायचेच असतील तर त्या पहिल्या काही महिन्यांत कानात काय आहे, याला पुढच्या साठ वर्षांच्या दृष्टीनं मोल आहे.

आता खरा प्रश्न. अॅलर्जीवर औषध काय? मूळ औषध एकच: ती वस्तू अंगावेगळी करणं. डॉक्टर हे एका वाक्यात सांगून मोकळे होतात. "गळ्यातलं काढून ठेवा." आणि इथेच सगळं अडतं.

पुरुषाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्यानं चट्टा उठला तर तो घड्याळ काढून खिशात ठेवतो. कुणी काही विचारत नाही. बाईनं मंगळसूत्र काढून फळीवर ठेवलं तर घरात बैठक बसते. सासू म्हणते, नवऱ्याच्या जिवावर उठलीस का? शेजारीण नुसती मानेकडे पाहते. बस स्टँडवर अनोळखी माणसाची नजर बदलते. जोडव्यांचं तेच, बांगड्यांचं तेच. मग बाई काय करते? वाटीखाली रुमालाची घडी ठेवते. पोत ब्लाउजच्या बाहेर काढून ठेवते. रात्री सगळे झोपल्यावर काढते आणि पहाटे उठून पुन्हा घालते. या युक्त्या मी इतक्या जणींकडून ऐकल्या आहेत की त्यांचं एक पुस्तक होईल. एकीनं सांगितलं की तिनं नवऱ्याला डॉक्टरसमोर बसवलं आणि डॉक्टरांकडून "काढा" हे शब्द त्याला ऐकवले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. परवानगी! स्वतःच्या मानेवरची!

आणि हेच दागिने, नवरा गेला की त्याच दिवशी, तिला विचारल्याशिवाय, ओढून काढले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव मोलाचा आहेच. त्याच्या शेजारी मला खाजेचा प्रश्न ठेवावासा वाटतो. दागिना कधी चढवायचा हे इतरांनी ठरवायचं, कधी उतरवायचा हेही इतरांनी, आणि मधल्या काळात कातडी सोलली तरी तो हलवायचा नाही. इसबाचा चट्टा कुणी पाहिला आणि "गजकर्ण आहे, लागेल" असं म्हटलं, तर तिचं ताट वेगळं, तिचा टॉवेल वेगळा. निकेलची अॅलर्जी कुणाकडून कुणाला लागत नाही. हे वाक्य प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बचत गटात मोठ्यानं सांगायला हवं.

दागिना काढता येत नाही, म्हणून मलम येतं. मेडिकलच्या दुकानात "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की मिळते ती बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक यांची मिसळ असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून बाई ती पुन्हा पुन्हा लावते, महिनोन्‌महिने. कारण तर गळ्यातच आहे! हळूहळू कातडी कागदासारखी पातळ होते, रंग उडतो, बारीक शिरा दिसू लागतात. २०१८ साली केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात जाऊन पाहा, चिठ्ठी कितीजण मागतात ते. डॉक्टरांनी नेमकं सांगितलेलं स्टिरॉइड, सांगितलेले तेवढेच दिवस लावायला हरकत नाही, ते औषधच आहे. माझी तक्रार दागिना न काढण्याची भरपाई म्हणून ते वर्षानुवर्षं फासण्याबद्दल आहे.

आपल्या चळवळीत या विषयावर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मंगळसूत्र हे मालकीचं चिन्ह आहे, काढून टाका म्हणजे खाजही जाईल. दुसरा म्हणतो, एवढ्या मोठ्या लढाया पडल्या असताना कानातल्यांची चर्चा काय करता? मला दोन्ही पटत नाहीत. मंगळसूत्राबद्दल पहिल्या सुराचं म्हणणं मला मान्य आहे, मी स्वतः ते घालत नाही. पण जी बाई ते काढू शकत नाही तिला "मग सोस" असं म्हणायचा अधिकार मला त्यातून मिळत नाही. शिवाय सगळेच दागिने कुणी लादलेले नसतात. दिवसभर भाजी विकून, जत्रेत पन्नास-साठ रुपयांचे झुमके घेणारी बाई आरशात पाहते तेव्हाचा तिचा आनंद तिचा स्वतःचा असतो. तो आनंद घेताना तिचा कान चिघळू नये, ही मागणी मला अजिबात किरकोळ वाटत नाही. घालण्याचं आणि काढण्याचं, दोन्ही स्वातंत्र्य तिला हवं.

"मग खरं सोनं घाला" हा उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत. बावीस कॅरेट सोन्याचा त्रास सहसा होत नाही हे खरं. पण सोन्याचा भाव काय, आणि आपण बोलतोय कुणाबद्दल? मुलीच्या आईबापांना हा सल्ला आणखी जड जातो. "आमच्या मुलीला खोटं चालत नाही" हे वाक्य लग्नाच्या बैठकीत उच्चारलं की एक तर ते मुलीतलं व्यंग ठरतं, नाही तर सोन्याच्या मागणीला आयतं कारण मिळतं. हुंड्याच्या यादीत एका वैद्यकीय कारणाची भर आपल्याला नको आहे.

सोन्याच्या शुद्धतेसाठी सरकारनं हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा केला. त्यासाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शिक्के आले, दंड आले. चांगलं झालं. तिथे ग्राहकाचा पैसा बुडत होता. खोट्या दागिन्यात पैसा थोडा, बुडते ती कातडी, म्हणून डब्यावर आत कोणता धातू आहे हेही लिहिलेलं नसतं. "अॅलर्जी फ्री" अशी चिठ्ठी मात्र कुणीही चिकटवू शकतो.

कायद्यानं हे बदलता येतं, याचा पुरावा आहे. वर उल्लेख केलेल्या डेन्मार्कनं १९९० च्या सुमारास निकेलवर निर्बंध आणले. १९९४ साली युरोपीय संघानं तसाच निर्देश काढला आणि तो २००१ पर्यंत पूर्ण अंमलात आला. त्यात कानातली, माळा, बांगड्या, पैंजण, अंगठ्या, घड्याळं, कपड्यांची बटणं, चेन, असं जे जे कातडीला दीर्घ काळ टेकतं ते सगळं येतं. नियम शहाणपणाचा आहे. वस्तूत निकेल किती आहे यापेक्षा तिच्यातून सुटतं किती, हे तो मोजतो. दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात राहणाऱ्या भागासाठी मर्यादा आणखी कडक आहे, ०.२ मायक्रोग्रॅम. या नियमांनंतर तिथे कान टोचलेल्या नव्या पिढीतल्या मुलींमध्ये ही अॅलर्जी ठळकपणे कमी झाली. पुसली गेली नाही, कारण नियम मोडणारा माल बाजारात येतच राहतो. पण दागिने घालणं कुणी सोडलं नाही, आणि "नाजूक" कातडी अचानक राकटही झाली नाही. दागिने बदलले.

ज्या बायका हे दागिने बनवतात त्यांचंही बोलायला हवं. मुंबईच्या उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये घरी बसून साखळ्या जोडणं, खडे चिकटवणं, कानातल्यांना आकडे लावणं हे काम बायका डझनाच्या हिशेबानं करतात. ठेकेदार माल टाकून जातो आणि तयार माल घेऊन जातो. दिवसभर घामेजल्या बोटांत धातूचे तुकडे, जोडीला गोंद. बोटांच्या टोकांना भेगा पडतात, मग तेच हात कणीक मळतात आणि भांडी घासतात. कारखान्यातल्या कामगाराच्या त्वचारोगाची व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद होण्याची निदान कायद्यात सोय आहे. हिचं घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून तिच्या हाताची नोंद कुठेच नाही. घरकामगार बायकांच्या संघटनांनी दराच्या मागणीबरोबर हातमोज्यांची आणि कच्च्या मालात काय आहे ते कळण्याची मागणीही लावून धरावी.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काय करता येतं?

आधी खात्री करून घ्यावी. चट्टा दागिन्याच्या आकाराचा, बटणाच्या जागी, हुकाच्या जागी असेल तर निकेलचा संशय घ्यायला जागा आहे. पण प्रत्येक खाज निकेलची नसते. रबर, सुगंधी द्रव्यं, केसांचा रंग, टिकलीचा गोंद यांचीही अॅलर्जी असते. (टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनानं कपाळावर पांढरा डाग पडतो आणि बाईला कोड झालं म्हणून गावभर बोललं जातं. त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.) खात्रीची चाचणी म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर पट्टीखाली निकेलच्या क्षाराचं थोडं मलम दोन दिवस ठेवतात. पट्टी काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी पाहतात. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात तिची चौकशी करावी. निदान झालं तर ते कागदावर लिहून घ्यावं. घरात दाखवायला तो कागद फार उपयोगी पडतो. दातांना तारा लावायच्या असतील किंवा सांधा बदलायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाही उपयोगी पडतो.

अंगावर काय चालतं? काचेच्या आणि लाखेच्या बांगड्या, दोऱ्यात ओवलेले मणी, लाकूड, बावीस कॅरेट सोनं, चांगली चांदी, टायटॅनियम. काळी पोत साध्या दोऱ्यात ओवून तिच्यात धातूची वाटी न ठेवणं हा पुष्कळ जणींनी काढलेला मधला मार्ग आहे, आणि तो उत्तम आहे. कानात प्लॅस्टिकच्या दांडीचे खडेही मिळतात. चांगल्या प्रतीच्या पोलादात, ज्याला सर्जिकल स्टील म्हणतात, निकेल असतं पण ते घट्ट बांधलेलं असतं, म्हणून बहुतेकींना चालतं. ताज्या भोकात मात्र मी त्याची जोखीम घेणार नाही. चांदीच्या नावाखाली मिळणाऱ्या पांढऱ्या धातूच्या जोडव्यांपासून सावध राहावं. पांढऱ्या सोन्यातही निकेल असू शकतं. बांगडीला सेफ्टी पिना अडकवून ठेवायची आपली जुनी सवय सोडलेली बरी. जीनच्या बटणामागे कापडाचा तुकडा शिवून टाकावा. हुकांखाली अस्तराची पट्टी ठेवावी. दागिन्याच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा रंगहीन थर देतात तो काही दिवस टिकतो, घामानं सुटतो, पुन्हा द्यावा लागतो. लग्नसमारंभात चार तासांसाठी तो ठीक, रोजच्या वापराला त्यावर विसंबू नये. काम संपल्यावर, घाम आल्यावर दागिना काढून कातडी धुऊन कोरडी करावी. २०२० मध्ये चलनात आलेल्या वीस रुपयांच्या नाण्यात निकेल आहे. नाणं हातात धरलं म्हणून लगेच काही होत नाही, पण दिवसभर सुटे पैसे मोजणाऱ्या बाईच्या हाताला इसब असेल तर हेही डोक्यात ठेवावं.

खाण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे नुकसान होऊ शकतं. डाळी, शेंगदाणे, काजू, सोयाबीन, ओट, कोको यांत निकेल तुलनेनं जास्त असतं हे खरं. म्हणून काही ठिकाणी अॅलर्जी दिसली की लांबलचक पथ्याची यादी हातात ठेवतात. अंगावरची वस्तू दूर करूनही ज्यांचा त्रास थांबत नाही, तळहातांवर पुन्हा पुन्हा फोड येतात, अशा थोड्या जणींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ असं पथ्य उपयोगी पडतं. बाकीच्यांना त्याची गरज नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. जिच्या ताटात डाळ आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच पौष्टिक असतं, तिला तेच सोडायला सांगणं म्हणजे गळ्यातलं ठेवायचं आणि पोटातलं काढायचं! त्यात शरीरात लोह कमी असलं की आतड्यातून निकेल जास्त शोषलं जातं. म्हणजे उपाशी ठेवून हाती उलटंच यायचं. आंबट आमटी नव्या स्टीलच्या भांड्यात तासन्‌तास उकळत ठेवू नये, लोखंडी तवा आणि कढई वापरावी, एवढं बहुतेकींना पुरे.

आता मागण्या. युरोपच्या धर्तीवर, कातडीला टेकणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर आपल्याकडेही सक्तीची मर्यादा हवी, आणि कान-नाक टोचायच्या वस्तूंपासून तिची सुरुवात व्हावी. डब्यावर धातूंची नावं मराठीत हवीत. अंगणवाडी ताई आणि आशा यांच्या प्रशिक्षणात कान टोचण्याची काळजी आणि "हे लागत नाही" ही माहिती हवी. नोकरीच्या ठिकाणी, विशेषतः शाळांत आणि दुकानांत, बाईनं अमुक दागिना घातलाच पाहिजे असा लेखी वा अलिखित नियम असेल तर तो जावा.

या मागण्यांना वजन यायचं तर हातात माहिती हवी, आणि ती गोळा करणं आपल्या आवाक्यात आहे. डायमिथाइल ग्लायॉक्झिम नावाचं रसायन निकेलशी संयोग पावलं की गुलाबी-लाल रंग येतो. कापसाच्या बोळ्यावर त्याचे आणि अमोनियाचे दोन-दोन थेंब घ्यायचे आणि दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. दागिना खराब होत नाही, नंतर धुऊन घ्यायचा. तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना गाठलं तर एका दुपारी शंभर वस्तू तपासता येतील. प्रत्येक गटानं आपल्या इथल्या बाजारातून, जत्रेतून, देवळाबाहेरच्या टपरीवरून घेतलेल्या आणि बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आणाव्यात. वस्तू, किंमत, कुठे घेतली, नवी की झिजलेली आणि बोळ्याचा रंग, एवढं वहीत लिहावं. नव्या दागिन्यावर वरचं पाणी शाबूत असतं, तेव्हा रंग न येणं म्हणजे हमी नव्हे. म्हणून झिजलेली वस्तू जरूर तपासावी आणि फिरकी, आकडा, कडी हे भाग वेगळे घासून पाहावेत. अमोनियाचा वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.